पहिल्या नंबरचं रक्त

नागपुरात धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात रक्ताचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे चार खोल्या, दोन सूक्ष्मदर्शकं, एक कुरकुरणारा फ्रिज आणि तीन माणसं. पहिल्या डॉक्टर सुहासिनी मोहरील, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. दुसरा गिरिधर हरदास. तो एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसे आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळाला. तिसरा नत्थू रंगारी. नत्थू कागदोपत्री अटेंडंट होता, म्हणजे जे काम बाकीच्या दोघांचं नाही ते सगळं त्याचं. कुलूप काढणं, काचपट्ट्या धुणं, चहा आणणं आणि फ्रिज बंद पडला की त्याला लाथ मारणं. लाथ नेमकी कुठं मारायची हे नत्थूशिवाय कुणालाच जमत नसे, म्हणून तो रजेवर गेला की केंद्रातलं रक्त नासायचं.

बाई ज्या आजाराच्या मागे लागल्या होत्या तो आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून बसलेला. कित्येक घरांत पोरं हाडं दुखतात म्हणून तळमळत, डोळे पिवळे पडत, आणि लोक कधी नजर लागली म्हणत तर कधी पाणी बाधलं म्हणत. खरं कारण रक्तात होतं. एरवी गोल असणाऱ्या पेशी या पोरांच्या अंगात विळ्यासारख्या वाकत. आई आणि बाप दोघांकडून हा वारसा आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त पुढच्या पिढीला तो देऊ शकतो. अशाला वाहक म्हणतात.

नत्थू वाहक होता. एकाहत्तर साली बाईंनी तपासणीची पद्धत बसवली तेव्हा हाताशी जे पहिलं बोट होतं ते त्याचंच, आणि त्यातच विळे निघाले. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. बाई सगळ्यांनाच तुम्ही म्हणत, पिंजऱ्यातल्या सशांनासुद्धा. तुम्हाला काही होणार नाही नत्थूजी, पण बायकोचं रक्त तपासून घेऊ, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कौसल्या पदर सावरत आली, बोट टोचून गेली, तिच्या पेशी रुपयासारख्या गोल निघाल्या. घाबरायचं कारण उरलं नाही म्हटल्यावर नत्थूला उलट थोडा भावच आला. इंदोऱ्यात आपल्या गल्लीत तो सांगायचा, विलायतेहून यंत्र आणलं ते आधी माझं रक्त बघायला.

मग गावं सुरू झाली. एस.टी.च्या टपावर लाकडी पेटी, आत दोनशे खाचा, प्रत्येक खाचेत एक काचपट्टी. गावात जायचं, बोट टोचायचं, पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर औषधाच्या पाण्याचा थेंब, वरून काच आणि कडेनं मेण. दुसऱ्या दिवशी नागपुरात गिरिधर बघणार, पेशी गोल राहिल्या की वाकल्या. ऐकायला सोपं आहे. पण खेड्यातल्या माणसाकडून एक वेळ मत मिळेल, रक्त मिळणार नाही. कुणी म्हणे हे रक्त बाटलीत भरून विकतात. कुणी म्हणे पुलाच्या पायात ओततात. आणीबाणी आली तेव्हा तर कहरच झाला. बोट टोचलं की नसबंदी होते अशी बातमी वाऱ्यावर पसरली आणि कुही तालुक्यातल्या एका गावात नत्थू एस.टी.तून उतरला तर गावातले सगळे बाप्ये शेताच्या दिशेनं पळत सुटले. बाईंनी मग ठरवून टाकलं, नाव लिहायचंच नाही. फक्त नंबर, वय आणि पुरुष की बाई. ज्याचं रक्त घेतलं त्याच्या हातात नंबराची चिठ्ठी द्यायची. पुढे नंबरावरून निकाल गावाला कळवायचा.

एवढ्यानंही भागलं नसतं. भागलं ते नत्थूमुळे. पारावर जाऊन तो आधी स्वतःची बाही सारायचा, मधलं बोट पुढं करायचा आणि सगळ्यांदेखत खसकन सुई टोचायचा. “पाहून घ्या,” म्हणायचा, “मले काई झालं काय? माह्ये तीन पोरं आहेत, चौथं नको म्हणून बायको रोज भांडते. सुईनं काम भागत असतं तं मी भांडण कायले आयकलं असतं?” बाया तोंडाला पदर लावून हसत आणि तेवढ्यात एखादी म्हातारी, बायजाबाई म्हणा, आणखी कुणी म्हणा, बोट पुढं करायची. एक म्हातारी आली की गाव आलं. बाई असं कधीच करू शकल्या नसत्या. त्यांनी एका गावात एकदा व्याख्यान दिलं होतं, आलेखासकट, तेव्हा फक्त मास्तरांनी रक्त दिलं आणि तेही बसमध्ये बसताना परत मागितलं.

आता नत्थूच्या त्या थेंबाचं काय करायचं? टाकून द्यायचा? औषधाचं पाणी कलकत्त्याहून यायचं, दीड-दीड महिना वाट बघायला लावून. आणि गिरिधरचा दंडक होता की पेटीची पहिली खाच रिकामी आली तर मोजणी चुकते. तेव्हा नत्थू आपला थेंब पट्टीवर घ्यायचा, नीट मेण लावायचा, पहिल्या खाचेत ठेवायचा आणि वहीत लिहायचा: नंबर एक, पुरुष, वय चौतीस. चिठ्ठी खिशात. पुढच्या वर्षी पस्तीस. पुढच्या वर्षी छत्तीस. वयाच्या बाबतीत त्यानं एका महिन्याचीही लबाडी केली नाही. सात वर्षांत त्रेसष्ट गावं झाली.

अठ्ठ्याहत्तर साली बाईंचा निबंध विलायतेतल्या एका मासिकात छापून आला. ऐंशीच्या ऑगस्टमध्ये धंतोलीच्या पोस्टमननं एक जाड पाकीट आणून दिलं आणि सही घेताना विचारलं, बाई, कोणाचं लग्न आहे? युरोपातल्या एका थंड गावात एक संस्था होती, ती दरसाल सगळ्या जगातून वैद्यकातल्या आणि जीवशास्त्रातल्या एका मोठ्या कामाला सोन्याचं पदक द्यायची. होल्मस्ट्रँड पदक. त्या साली ते बाईंना मिळालं होतं. समारंभ नोव्हेंबरमध्ये, विमानाचं तिकीट संस्थेकडून.

नागपुरात बातमी पसरायला दोन तास लागले. हे पदक म्हणजे नोबेल नव्हे, हे बाई ज्याला त्याला सांगत होत्या, पण ऐकतो कोण? सीताबर्डीच्या व्यापाऱ्यांनी ‘नागपूरच्या कन्येला नोबेल’ असा कापडी फलक रस्त्यावर आडवा लावला. बाईंनी नत्थूला शिडी घेऊन पाठवलं, तर व्यापारी म्हणाले, नोबेल शब्दावर चार रुपये जास्तीचे गेलेत, तो राहू द्या, वाटलं तर कन्या काढा. फलक दिवाळीपर्यंत तसाच राहिला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर बाईंनी संस्थेचं पत्र गिरिधरला आणि नत्थूला मराठीत वाचून दाखवलं. साधनं नसताना सात वर्षं खेडोपाडी केलेलं काम वगैरे वगैरे. गिरिधरनं रुमाल काढला. मग बाईंनी मुख्य वाक्य वाचलं. अकरा हजार चारशे बारा माणसांची तपासणी करून डॉक्टर मोहरील यांनी दाखवून दिलं की हा वारसा ठरावीक वस्त्यांपुरता नाही. पाहणीतल्या त्रेसष्ट गावांपैकी एकही गाव असं निघालं नाही की जिथं निदान एक वाहक सापडला नाही. आजवरची समजूत या एका निष्कर्षानं बदलली.

नत्थूच्या हातातला पेढा हातातच राहिला. निदान एक. त्या एकाला तो चांगला ओळखत होता. त्या एकाचा मळका शर्ट त्यानं सकाळीच बदलला होता.

त्या दिवशी घरी तो जेवला नाही, तेव्हा कौसल्यानं पहिल्यांदा त्याच्या कपाळाला हात लावला आणि मग सरळ विचारलं, काय करून ठेवलं? नत्थूनं सांगितलं. आपण कुणाला फसवलं नाही, कुणी विचारलंच नाही, आणि आता सांगितलं तर बाईंचं पदक जाईल, सीताबर्डीचा फलक उतरवावा लागेल, हेही सांगितलं. कौसल्या भांडी घासत ऐकत होती. छप्पन साली नत्थू एकोणीस वर्षांचा होता, बापाबरोबर दीक्षाभूमीवर उभा राहून त्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. तेव्हापासून दर पुनवेला तो विहारात पंचशील म्हणत आला होता आणि त्यातल्या चौथ्या शीलाचा, खोटं न बोलण्याचा, त्याला विशेष अभिमान होता, कारण पाचवं दारूचं, आणि दारू तो तशीही पीत नव्हता.

“पुनवेले हात जोडून काय म्हणता तुमी? खोटं बोलणार नाई म्हणता ना?” कौसल्या म्हणाली. “मंग? कोणी पुसलं नाई म्हणून चूप राहणं, हे खोट्याचं सख्खं भावंड आहे. उद्या जा अन् सांगा.”

सांगणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंकडे हारतुरे घेऊन बँकेची माणसं आली, मग महिला मंडळ आलं, मग एक कवी आला आणि तो बराच वेळ गेलाच नाही. चार वाजता खोली रिकामी झाली. नत्थू चहा घेऊन आत गेला आणि चहा ठेवायच्या आधीच बोलून मोकळा झाला. “बाई, त्या त्रेसष्ट गावाईत जो एक नंबर आहे ना, तो मीच आहो. सगळ्या गावाईत.”

बाईंना क्षणभर काही कळेना. मग त्यांनी गिरिधरला वह्या आणायला सांगितल्या. टेबलावर त्रेसष्ट वह्या मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीचं पहिलं पान उघडलं गेलं. नंबर एक, पुरुष, वय चौतीस. नंबर एक, पुरुष, वय सदतीस. नंबर एक, पुरुष, वय चाळीस. बाईंनी गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर म्हणाला, त्याच्या हे लक्षात आलं होतं. पण खेड्यात पहिला मान पाटलाचा असतो, तेव्हा एक नंबर म्हणजे पाटील असं त्यानं धरलं होतं, तशी तळटीपही तो लिहिणार होता. बाईंनी विचारलं, सगळ्या गावांचे पाटील एकाच वयाचे? गिरिधर मान खाली घालून म्हणाला, “वय दरवर्षी बरोबर एकेकानं वाढत होतं बाई. म्हणून मला आकडे भरवशाचे वाटले.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचं तोंड लाल झालं होतं आणि ते रागानं की हसू दाबल्यानं हे नत्थूला शेवटपर्यंत समजलं नाही. त्या रात्री आठपर्यंत तिघांनी बसून हिशेब नव्यानं मांडला. त्रेसष्ट नत्थूंमधले बासष्ट वजा केले, एक ठेवला, कारण शेवटी तोही माणूसच होता. पण त्याला ठेवायचं कोणत्या गावात यावर अर्धा तास गेला आणि अखेर ‘एक इसम, राहणार नागपूर’ अशी वेगळी ओळ घालावी लागली. चोपन्न गावांत नत्थूला वगळूनही वाहक होते. नऊ गावांत नव्हते. तिथं सबंध गावात विळा निघाला होता तो एकट्या नत्थूचा.

बाई म्हणाल्या, संस्थेला आजच पत्र जाईल. पदक राहिलं तर राहिलं. मग त्या नत्थूकडे वळल्या. “माझ्या परीक्षकांना मी लिहिते, नत्थूजी. पण त्या नऊ गावांना आपण कळवलंय की तुमच्यात एक वाहक आहे. त्यांना खरं तुम्ही सांगायचं, स्वतः जाऊन. प्रत्येक गावच्या एका शहाण्या माणसाची सही आणा. नऊ सह्या हातात पडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.”

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नत्थूनं मान डोलावली आणि नऊ गावांची यादी हातात घेतली. आठ नावं त्यानं शांतपणे वाचली. नववं त्यानं दोनदा वाचलं. पिपरडोल.

पिपरडोलला त्र्याहत्तर साली एक भानगड झाली होती. तिथले विश्वनाथ पाटील मोठे तोऱ्याचे. नत्थूला त्यांनी ओट्याच्या खालीच उभं केलं होतं, चहा दिला होता कान तुटलेल्या कपात, आणि तो कप त्यालाच धुऊन पालथा घालायला लावला होता. रक्त द्यायला मात्र ते तयार झाले. नत्थूनं नेहमीप्रमाणे आपलं बोट टोचून पट्टी पहिल्या खाचेत ठेवली होती. पाटलांची पट्टी दुसऱ्या खाचेत गेली आणि त्यानं त्यांना दोन नंबरची चिठ्ठी दिली. पाटलांनी ती जमिनीवर टाकली. या गावात मी दोन नंबरचा कधीच झालो नाही, म्हणाले. नत्थूनं विचार केला, कागदाचा तुकडा तर आहे. खिशातली एक नंबरची चिठ्ठी त्यांना दिली आणि दोन नंबरची आपण ठेवली. पट्ट्या जागच्या जागीच होत्या. महिन्याभरानं केंद्राचं पोस्टकार्ड पिपरडोलला गेलं: आपल्या गावात एकच वाहक आहे, नंबर एक. त्यानंतर सात वर्षं नत्थूनं त्या दिशेच्या एस.टी.कडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आठ गावं दोन महिन्यांत उरकली. तिथं काहीच जड गेलं नाही. एक नंबरची चिठ्ठी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे प्रत्येक गावानं सोयीनुसार तो एक माणूस ठरवून टाकला होता. एका गावानं बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाला वाहक केलं होतं, दुसऱ्यानं पळून गेलेल्या जावयाला. तो मी होतो, असं नत्थूनं सांगितलं की लोक पोट धरून हसत आणि सही देत. एका म्हातारीनं तर त्याला जेवायला बसवलं, म्हणाली, आमच्या गावात मोजला गेला, तर आमचाच झाला.

दरम्यान संस्थेचं उत्तर आलं. पदक कायम होतं. चोपन्न गावंही कमी नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. ते चुकलेलं वाक्य बाईंनी छापून दुरुस्त करावं, एवढीच अट. शिवाय एक विचारणा होती: त्या एका इसमाच्या त्रेसष्ट पट्ट्यांपैकी किती पट्ट्यांत विळे दिसले? गिरिधरनं मोजलं, एकसष्ट. दोन वेळा त्यानं नत्थूला गोल ठरवलं होतं, आणि त्या दोन्ही तारखा शनिवारच्या होत्या. या पद्धतीत चूक किती होते हे जगात प्रथमच नेमकं कळलं, आणि ते न ठरवता केल्यामुळे अधिक खात्रीचं आहे, असं परीक्षकांनी कळवलं. गिरिधरनं भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं.

पण नववी सही नव्हती. नत्थू आज रस्ता चिखलाचा आहे म्हणे, उद्या पाटील वऱ्हाडाला गेलेत म्हणे. दिवाळी तोंडावर आली, विमानाला पाच दिवस राहिले. बाईंची बॅग केंद्रात टेबलाखाली उघडी पडली होती आणि त्या तिच्यात एक रुमालही टाकत नव्हत्या. आठ कागद टेबलावर, वर दौत ठेवलेली. सोमवारी संध्याकाळी त्यांनी कागद मोजले आणि फक्त एवढंच विचारलं, नववा? नत्थूनं मंगळवारी पहाटेची एस.टी. धरली.

कुहीच्या अलीकडे उतरून दीड कोस चालावं लागतं. दोन्हीकडे धान कापणीला आलेलं. नत्थूनं वाटेत चार भाषणं तयार केली आणि चारही बांधावरच सोडून दिली. पाटलांच्या दारात बैलगाडी जुंपून उभी होती. पाटील खाटेवर घोंगडं पांघरून बसले होते, चांगल्या उन्हात. साठीचे झाले होते, पण अंग चांगलं भरलेलं. त्यांनी नत्थूला ओळखलं. ये गा नत्थू, म्हणाले, आणि हाताला धरून त्याला खाटेवर शेजारी बसवलं. आतून पाटलीण प्रयागबाई चहा घेऊन आल्या. दोन कप, दोन्ही सारखे, दोन्हींना कान होते.

पाटलांनी आपलं दुखणं सांगायला घेतलं. पोस्टकार्ड आलं त्या दिवशी ते आडवे झाले. गुडघा दुखला की विळा, पाठ धरली की विळा. रोज दुधात पावशेर तूप. प्रयागबाई मधेच म्हणाल्या, सात वर्षं. मग कुणीतरी सांगितलं की शेजारच्या बोरटोलीच्या वस्तीत या आजाराची पोरं आहेत. आपल्या नशिबी पुढं काय वाढून ठेवलंय ते तरी बघू, म्हणून पाटील आयुष्यात पहिल्यांदा त्या वस्तीत गेले. तिथं सात-आठ वर्षांची एक पोर भिंतीला टेकून बसली होती, तिला रडायचंही बळ नव्हतं. पाटील तिच्याजवळ बसले, तर तिनंच त्यांना विचारलं, तुमचंही दुखते का, बाबा? त्या दिवसापासून दर मंगळवारी पाटलांची गाडी बोरटोलीच्या पोरांना घेऊन कुहीच्या दवाखान्यात जायची. गाव काय म्हणतं याची त्यांनी पर्वा केली नाही. आपली पोरं आहेत, म्हणाले, आपल्या रक्ताची.

नत्थूचा चहा थंड झाला. आपल्या एका वाक्यानं बाई विमानात बसणार होत्या आणि त्याच वाक्यानं ही गाडी मोडणार होती. वाटेत कागदावर कुणाचा तरी अंगठा घेऊन परत जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं खिशातून सात वर्षं जपलेली दोन नंबरची चिठ्ठी काढली आणि पाटलांच्या मांडीवर ठेवली.

“पाटील, तुमचा नंबर हा होता. तुमी एक नंबर मागतला म्हणून म्या माह्यी चिठ्ठी तुमाले देल्ली. ते रक्त माहं आहे. तुमच्या अंगात विळा नाई. कधीच नव्हता.”

पाटलांनी चिठ्ठी उलटून पाहिली. प्रयागबाई दारात उभ्या होत्या त्या हिशेब करू लागल्या, सात वर्षांचं तूप किती झालं, आणि तो हिशेब त्यांनी गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात केला. पाटलांना तो ऐकूच गेला नाही.

“मंग त्या पोराईचा मी कोणीच नाई काय गा?” ते म्हणाले.

बाई असत्या तर त्यांनी काही शास्त्रीय सांगितलं असतं. नत्थूनं आपला कागद पुढं केला, कारण तेवढंच त्याच्या हातात होतं. पाटलांनी तो दोनदा वाचला. मग प्रयागबाईंकडून पेन मागून घेऊन सही केली, लांबलचक, खाली दोन रेघा मारून. उठले. अंगावरचं घोंगडं काढलं, घडी केली आणि गाडीत गवतावर नीट अंथरलं. आतून तुपाचा गडवा आणा, म्हणाले. प्रयागबाईंनी काही न बोलता आणून दिला, तोही भरलेला.

“चाल, बस,” पाटील नत्थूला म्हणाले. “कुहीवरून एस.टी. भेटन तुले.”

बोरटोलीला गाडी थांबली तेव्हा चार पोरं आणि दोन आया वाट बघतच होत्या. सगळ्यांत मोठी देवकी, तीच ती भिंतीला टेकून बसलेली पोर, आता पंधरा वर्षांची, काठीसारखी बारीक. ती घोंगड्यावर बसली, गडवा मांडीत घेतला आणि गाडी हलल्यावर पुढं वाकून तिनं पाटलांच्या पाठीला हात लावला. आज गुडघा कसा आहे बाबा, विचारलं. घोंगडं आम्हाला दिलं, तुम्हाला थंडी वाजेल.

पाटलांनी बैलांची शेपटी पिळली.

“दुखते वं,” ते म्हणाले. “पण आज जरा कमी आहे.”

नत्थू पुढं पाटलांना खेटून बसला होता. त्यानं खिशातला सहीचा कागद चाचपून पाहिला, आणि कुहीचा फाटा येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.